शाळेतील व्हिडिओ आणि इंटरनेटची बारीक धार

(यावल येथील शिक्षण परिषदेतील भाषणाचा मजकूर)



केळीच्या बागेला पाणी कसे द्यावे हे यावल तालुक्यात कोणी कोणाला सांगावयास नको. विहिरीवरची मोटर एका वेळी किती पाणी उचलते आणि त्या पाण्यावर ठिबकच्या किती नळ्या नीट चालतील, याचा हिशेब येथील बागाईतदाराच्या बोटांवर असतो. साऱ्या बागेचे कॉक एकदम उघडले, तर जवळची खोडे कशीबशी भिजतात आणि शेवटच्या ओळी कोरड्या राहतात. म्हणून तो बागेचे दोन-तीन भाग पाडतो व एकामागून एक भिजवितो. वीज रात्रीची असली तर रात्री उठतो. त्याच गावच्या शाळेत टीव्हीवरील व्हिडिओ अडखळू लागला, की मात्र हा विवेक कोठे जातो कोण जाणे. संच बिघडला, कंपनी फसवी निघाली, खेड्याचे नशीबच असे, अशी बोलणी सुरू होतात. धार किती आणि तोट्या किती, हा साधा प्रश्न कोणी विचारीत नाही.

चौथीचा वर्ग आहे असे समजावे. पाठ जलचक्राचा आहे. शिक्षकाने मोबाइलचे इंटरनेट टीव्हीला जोडून व्हिडिओ लावला आहे. समुद्र दिसतो, वाफ वर जाते, ढग भरून येतात आणि नेमका पाऊस पडण्याच्या सुमारास पडद्यावर ते वाटोळे कडे फिरू लागते. पुढच्या रांगेतील मुले कड्याचे फेरे मोजतात, मागच्या रांगेत चिमटे सुरू होतात. शिक्षक मोबाइल उंच धरून दारापाशी जातात, तेथून ओट्यावर, ओट्यावरून लिंबाखाली. पाच मिनिटांनी चित्र हलते, तोच एका तेलाची जाहिरात लागते. तास संपतो. तो वाया गेला असे कोणी दप्तरात लिहीत नाही. ‘व्हिडिओद्वारे अध्यापन केले’ असेच लिहिले जाते, आणि वरच्या तपासणीत ती नोंद प्रगतीची म्हणून मोजली जाते. जलचक्र मात्र ढगापाशी अडकलेले असते.

हे असे का होते, ते एकदा नीट समजून घेणे बरे. व्हिडिओ म्हणजे एका सेकंदाला पंचवीस-तीस चित्रे. तो एकसंध येत नाही. दूरच्या संगणकावर त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडून ठेवलेले असतात व ते एकामागून एक मागविले जातात. टीव्ही वा मोबाइल थोडे तुकडे आधी जमवितो आणि मग दाखवू लागतो. म्हणजे येथेही एक छोटा हौद आहे. हौद भरण्याचा वेग हा तो रिकामा होण्याच्या वेगापेक्षा कमी पडला, की हौद कोरडा पडतो व कडे फिरू लागते. प्रत्येक तुकडा लहान-मोठ्या अनेक आकारांत तयार असतो. धार बारीक आहे असे दिसताच यंत्र आपण होऊन लहान आकाराचा तुकडा मागविते व चित्र धूसर होते. त्या धूसरपणावर पुष्कळांचा राग असतो, परंतु तो तास वाचविण्याचा यंत्राचा प्रयत्न असतो. अशा वेळी हट्टाने चित्र पुन्हा ‘एचडी’ करणे म्हणजे आटलेल्या विहिरीवर मोठी मोटर बसविणे होय.

धारेचे माप मेगाबिटमध्ये सांगतात, साठ्याचे मेगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे गणित सातवीच्या मुलालाही येईल. यूट्यूबने स्वतः दिलेले प्रमाण पाहावे: 360 पी दर्जाच्या चित्राला सेकंदाला सुमारे 0.7 मेगाबिट धार लागते, 480 पीला 1.1, 720 पीला 2.5 आणि 1080 पीला 5. दहा मिनिटांचा पाठ 360 पीवर पाहिला तर सुमारे 53 मेगाबाइट खर्च होतात. तोच 1080 पीवर पाहिला तर 375. पाठ तोच, ढग तेच, पाऊसही तोच. खर्च मात्र सातपट. आणि हा खर्च पुष्कळ ठिकाणी शिक्षकाच्या स्वतःच्या रिचार्जमधून होतो, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता ‘ब्रॉडबँड’ या भारदस्त शब्दाकडे वळावे. केंद्र सरकारने 2023 साली त्याची व्याख्या बदलली. पूर्वी सेकंदाला किमान 512 किलोबिट धार असली तरी तिला ब्रॉडबँड म्हणत; आता किमान 2 मेगाबिट पाहिजे. हे पुष्कळ झाले असे वाटते. परंतु दोन वर्गांत एकाच वेळी 480 पीवर व्हिडिओ लावले तर 2.2 मेगाबिट लागतात. म्हणजे कागदोपत्री ब्रॉडबँड असलेल्या शाळेतही किमान धारेवर दोन वर्ग एकदम चालू शकत नाहीत. 360 पीवर दोन वर्ग चालतात, तिसरा सुरू होताच तिघेही अडतात. यूडायस-प्लसच्या 2024-25 च्या अहवालाप्रमाणे देशातील 63.5 टक्के शाळांत इंटरनेट आहे. आदल्या वर्षी हे प्रमाण 53.9 टक्के होते. वाढ चांगली आहे. तथापि ‘आहे’ या रकान्यात धार किती हे कळत नाही. गावात विहीर आहे म्हणून गावाला पाणी आहे असे कोणी समजत नाही.

भारतनेट योजनेची सुरुवात 2011 साली वेगळ्या नावाने झाली. काचतंतूची तार ग्रामपंचायतीपर्यंत नेणे हे तिचे काम, आणि तेथे सेकंदाला 100 मेगाबिटची धार पोहोचविणे हा तिचा उद्देश. ग्रामपंचायतीच्या भिंतीपासून शाळेच्या भिंतीपर्यंतचे अंतर पुष्कळदा दोनशे पावलांचे असते. परंतु तेवढ्यातच कालव्याच्या शेपटाचा अनुभव येतो. ज्या गावी पंचायतीत तार जिवंत आहे, तेथे मुख्याध्यापकाने शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन ग्रामपंचायतीकडे जोडणीची मागणी लेखी नोंदवावी. तोंडी मागणीची कोठे नोंद राहत नाही.

मोबाइलच्या मनोऱ्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्याची धार एकट्या शाळेची नसते, साऱ्या गावाची असते. संध्याकाळी जेवणाच्या वेळी घरोघर मालिका आणि क्रिकेट सुरू झाले, की प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी येते. पहाटे तोच मनोरा मोकळा असतो.

खुद्द शाळेत किती गळती चालते, तेही पाहिले पाहिजे. शिक्षक पाठ लावतात तेव्हा त्याच मोबाइलवर पाच-सहा व्हॉट्सॲप गटांतील शुभेच्छांचे व्हिडिओ आपोआप उतरत असतात. छायाचित्रे कोठेतरी दूर साठविली जात असतात. संगणक आपल्या प्रणालीची नवी आवृत्ती मागवीत असतो. यांपैकी प्रत्येक गोष्ट बंद करण्याची सोय यंत्रात आहे: व्हॉट्सॲपमध्ये आपोआप उतरणे बंद करता येते, संगणकाला ही जोडणी मोजून मिळते असे सांगून ठेवता येते. पाच मिनिटांचे काम आहे. ज्या शाळांत ‘इंटरनेट फार हळू’ अशी तक्रार आहे, त्यांनी नवी जोडणी मागण्यापूर्वी हे करून पाहावे.

गळतीचा दुसरा भाग शिक्षकाच्या हातचा नाही. पोषण आहाराची रोजची नोंद, विद्यार्थ्यांची माहिती, उपक्रमाची छायाचित्रे, प्रशिक्षणाचा व्हिडिओ, वृक्षारोपणाचा व्हिडिओ, त्या व्हिडिओची लिंक भरण्याचा तक्ता, हे सर्व वरून मागविले जाते आणि बहुधा शाळेच्या वेळात ‘तात्काळ’ मागविले जाते. वर पाठविण्याची धार ही खाली येणाऱ्या धारेपेक्षा बहुधा बारीकच असते. छायाचित्राने भागत असेल तेथे व्हिडिओ मागू नये, आणि एका ओळीने भागत असेल तेथे छायाचित्रही मागू नये, हे मागणाऱ्यांनी समजून घेतले तर तालुक्यातील निम्म्या शाळांचे इंटरनेट एका दिवसात सुधारेल. ही गोष्ट शिक्षकांच्या मेळाव्यात सांगून उपयोग नाही, हे खरे. परंतु ही पुस्तिका इतरांच्याही टेबलावर जाते.

थोडे पाणी पुष्कळांनी कसे वापरावे याचा धडा खानदेशाने शतकांपूर्वीच घालून दिला आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या आणि नाशिक जिल्ह्यात मोसमच्या काठी फड पद्धती चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या. लाभाच्या साऱ्या जमिनीचे तीन-चार फड पाडीत आणि एका फडात एकच पीक घेत. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असे. पाणी देण्याचे काम शेतकरी स्वतः करीत नसत. त्यासाठी पाटकरी नेमलेला असे व तो ठरल्या क्रमाने पाणी फिरवी. पाऊस कमी झाला तर एखादा फड कोरडा ठेवीत, म्हणजे तोटा एकट्याच्या माथी न येता सर्वांच्या वाट्याला सारखा येई. कोणी मधेच पाट फोडला तर गाव त्याला जाब विचारी.

शाळेत असा पाटकरी नेमावा. चार शिक्षकांच्या शाळेत एका शिक्षकाकडे हे काम द्यावे. महिन्याने ते दुसऱ्याकडे जावे. फळ्याच्या कोपऱ्यात आठवड्याचे वेळापत्रक असावे: सोमवारी दुसऱ्या तासाला तिसरीचा वर्ग, तिसऱ्या तासाला पाचवीचा. एका वेळी एकच तोटी. माहिती वर पाठविण्याचे काम मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर. यात कोणतेही तंत्रज्ञान नाही, केवळ शिस्त आहे, आणि म्हणूनच ते अवघड आहे.

पाळी लावल्यानंतरही सर्वांत मोठा लाभ साठवणीत आहे. रात्री वीज येते तेव्हा शेतकरी शेततळे भरून ठेवतो व दिवसा पाणी देतो. दिवसा विजेची वाट पाहत पिकाजवळ बसत नाही. शिक्षकांपैकी अनेकजण यावल, फैजपूर, भुसावळ येथून जाऊन-येऊन शाळा करतात. तेथे धार चांगली आहे. पुढच्या आठवड्याचे चार-पाच पाठ रविवारी पहाटे तेथेच उतरवून घ्यावेत व खिशातून शाळेत न्यावेत. दीक्षा हे सरकारी व्यासपीठ 2017 पासून चालू आहे; त्यावरील पाठ मोबाइलमध्ये उतरवून पुढे इंटरनेटवाचून पाहता येतात. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड तेथेच नेतात. (या कोडची कल्पना सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी राबविली व पुढे ती राज्याच्या पुस्तकांत आली, हे शिक्षकांनी अभिमानाने लक्षात ठेवावे.) यूट्यूबवरील व्हिडिओही त्याच ॲपमध्ये जपून ठेवता येतात, मात्र ठरावीक मुदतीनंतर मोबाइल पुन्हा इंटरनेटला जोडावा लागतो, म्हणून ते आदल्या दिवशी तपासून घ्यावेत.

एका शिक्षकाने उतरविलेला पाठ दुसऱ्याने पुन्हा उतरविण्याचे कारण नाही. केंद्राच्या मासिक परिषदेत पाठांची देवाण-घेवाण व्हावी. पूर्वी यासाठी पुष्कळजण ‘शेअरइट’ वापरीत. त्यावर जून 2020 मध्ये बंदी आली. आता अँड्रॉइड मोबाइलमध्येच ‘क्विक शेअर’ ही सोय असते व तिला इंटरनेट लागत नाही. मुक्त वापराची परवानगी असलेले पाठ आणि शिक्षकांनी स्वतः तयार केलेले पाठ पेनड्राइव्हवर ठेवावेत. 32 गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर 480 पी दर्जाचे दहा-दहा मिनिटांचे सुमारे साडेतीनशे पाठ बसतात. चार इयत्तांना ते वर्षभर पुरून उरतील. फाइलला नाव देताना इयत्ता, विषय, पाठ व मिनिटे लिहावीत. ‘व्हिडिओ 1 नवीन अंतिम’ अशा नावाची फाइल वर्गापुढे शोधता शोधता पाळी निघून जाते.

ही युक्ती केवळ गरिबीची आहे असे समजू नये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील विद्यार्थ्यांनी 2012 साली खान अकादमीचे पाठ इंटरनेटवाचून चालावेत म्हणून ‘केए लाइट’ ही प्रणाली तयार केली. तिचीच पुढची आवृत्ती ‘कोलिब्री’ आज अनेक देशांतील दुर्गम शाळांत चालते. शाळेतील एका साध्या संगणकावर पाठ साठवितात व छोट्या राउटरवरून वर्गातील टॅबना देतात. बाहेरची तार तुटली तरी आतला पाट चालू राहतो. शाळेतील वायफाय आणि इंटरनेट या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही.

दर्जाविषयीही थोडे तारतम्य पाहिजे. 32 इंची टीव्हीपासून आठ-दहा फुटांवर बसलेल्या मुलाला 480 पी आणि 1080 पी यांतील फरक क्वचितच जाणवतो. नकाशावरील बारीक अक्षरे वाचावयाची असतील तर गोष्ट वेगळी. परंतु तेथे हलते चित्र कशाला? नकाशाचे एक स्थिर चित्र उतरवून घ्यावे. कविता ऐकावयाची असेल तर केवळ ध्वनी पुरतो. 64 किलोबिट दर्जाचा दहा मिनिटांचा ध्वनी पाच मेगाबाइटच्या आत मावतो. आणि फळ्यावर जे दोन रेषांत दाखविता येते त्याला व्हिडिओ लावूच नये. बेडकाचे जीवनचक्र, ज्वालामुखी, समुद्राची भरती-ओहोटी, कारखान्यातील यंत्रे ही गावात न दिसणारी दृश्ये व्हिडिओला योग्य. केळीचा घड कसा निसवतो याचा व्हिडिओ यावल तालुक्यात लावणाऱ्या शिक्षकाने वर्गाच्या खिडकीतून बाहेर पाहावे.

सातपुड्याच्या पायथ्यापासून वर पावरा व तडवी वस्त्यांच्या शाळांची गोष्ट निराळी आहे. तेथे बारीक धारही नाही. पुष्कळ ठिकाणी मोबाइलला आवाजापुरतीही रेघ मिळत नाही. या शाळांनी आकाशाकडून घ्यावे. उपग्रहावरून येणारे प्रसारण व इंटरनेटवरील व्हिडिओ यांत मूलतः फरक आहे. इंटरनेटवर शंभर शाळांनी एकच पाठ पाहिला तर बहुधा शंभर वेळा तो वेगवेगळा पाठवावा लागतो. प्रसारणात एकदाच पाठविला की शंभर काय आणि लाख काय, ताटल्या सारखेच घेतात. हे तत्त्व या देशाला जुने आहे. 1 ऑगस्ट 1975 पासून एक वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखविण्यात आले व त्यांत शाळेतील मुलांसाठी सकाळचे कार्यक्रम होते. 2004 साली खास शिक्षणासाठी एज्युसॅट सोडण्यात आला. आज पीएम ई-विद्येच्या वाहिन्या डीडी फ्री डिशवर मिळतात व तिला मासिक भाडे नाही. 2020 साली शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ने पहिली ते आठवीच्या मुलांपर्यंत पाठ नेले ते याच मार्गाने. त्याच वर्षी पालघर जिल्ह्यातील दांडवळ येथे तर गावात ध्वनिवर्धक लावून पाठ ऐकविण्यात आले. ज्या मुलांच्या घरी काहीच नव्हते त्यांना ऑनलाइन वर्गांची लिंक पाठवून काय मिळाले, हे त्या वर्षी सर्वांनी पाहिले आहे.

प्रसारणाचा दोष असा की ते वेळ पाहून येते आणि थांबत नाही. पाड्यावरील पहिलीच्या मुलाला प्रमाण मराठीतील निवेदन अर्धेच कळते. तेथे चित्र थांबवून पावरीत दोन वाक्ये सांगणारा शिक्षक पाहिजे. साठविलेला पाठ हवा तेथे थांबविता येतो, मागे नेता येतो, आवाज बंद करून शिक्षकाला स्वतःच्या शब्दांत सांगता येतो. म्हणून या शाळांना पेनड्राइव्ह व सौर वीज यांची जोड मिळाली पाहिजे. आणि पेनड्राइव्ह भरून देण्याची जबाबदारी खालच्या, चांगल्या धारेच्या गावांतील शाळांनी घ्यावी. आठवडे बाजाराच्या दिवशी पाड्यावरील माणसे यावलला येतातच.

2015 च्या सुमारास ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या दिवसांत लोकवर्गणीतून कितीतरी शाळांत टीव्ही व प्रोजेक्टर आले. ठाणे जिल्ह्यातील पाष्टेपाड्याची शाळा पाहण्यास तेव्हा दुरून शिक्षक जात. खरेदीच्या दिवशी नारळ फुटतो. महिन्याच्या बिलासाठी कोणी नारळ फोडीत नाही. ज्या शाळांनी साठवणीचा मार्ग धरला, त्यांना या बिलाची चिंता कमी.

शेवटी वर्गातील एका गोष्टीविषयी. 1956 साली तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत, सुमारे 150 खेड्यांत, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. कार्यक्रम ऐकून मंडळी उठून जात नसत. ऐकल्यावर त्यावर चर्चा करीत व आपले प्रश्न केंद्राला कळवीत. चर्चा करणाऱ्या गावांची माहिती इतरांपेक्षा कितीतरी वाढली, असे त्या प्रयोगाच्या तपासणीत आढळले. दहा मिनिटांचा व्हिडिओ लावणाऱ्या शिक्षकाने तीन ठिकाणी थांबण्याचे आधीच ठरवावे. ढग भरून आले की थांबवावे आणि विचारावे: आता काय होईल? तुमच्या गावच्या नाल्याला पाणी कोठून येते? हातपंप मे महिन्यात का आटतो? इंटरनेटवर चालू असलेला पाठ असला तरी अशा थांबण्यात तोटा नाही, कारण तेवढ्यात तो छोटा हौद थोडा भरतो. आणि कडे फिरलेच, तर शिक्षकाजवळ विचारावयास प्रश्न तयार असतो, मुलांची डोकी पडद्याकडून त्याच्याकडे वळतात, आणि लिंबाखाली मोबाइल घेऊन धावावे लागत नाही.